चुन्याची लायब्ररी

देवकाबाईनं लायब्ररीच्या जागेवर कब्जा केला, ही बातमी सौंसरच्या आमच्या वार्डात दूधवाल्याच्या आधी पोचली. दोरी ताणली, चुना मारला, आता संत्र्याची कलमं येऊन राहिली. बातमी निघाली होती राजूच्या पानठेल्यावरून, आणि राजू बातमीलाही चुना-कात लावूनच देतो. दुपारपर्यंत त्या कलमांना फळं धरली होती.

खरं एवढंच की दोरी होती, चुनाही होता. कलमं नव्हती.

देवकाबाई म्हणजे बोरगाव रस्त्याला बाग आहे त्या. आवाज असा की बागेच्या या टोकाला बोलल्या की त्या टोकाचे पोपट उडतात. तोडीच्या दिवसांत त्यांच्या घरी खाटेखालीसुद्धा क्रेट असतात. त्यांची धाकटी दामिनी पटवारीच्या परीक्षेचा अभ्यास करते तो क्रेटवर क्रेट ठेवून, आणि ट्रक आला की तेही टेबल उचललं जातं. यंदा काही झालं नाही तर लग्न, असं तिच्या बापानं, मुकुंदकाकांनी, सांगून ठेवलं होतं. म्हणून वार्डात लायब्ररी होणार आणि लोकांचे सुझाव घेणार म्हटल्यावर मीटिंगला सगळ्यात आधी जाऊन बसल्या त्या देवकाबाई.

नकाशा काढणारे इंजिनिअर केतनसाहेब छिंदवाड्याहून आले होते. त्यांनी कागद भिंतीला लावला आणि बोला म्हणाले. आता आमच्याकडची रीत अशी, की साहेबासमोर सगळं बराबर असतं आणि बाहेर चहाच्या टपरीवर सगळं चूक. भैय्याजी, रिटायर हेडमास्तर, आधी घसा खाकरतात, मग काठी डाव्या हातात घेतात, मग म्हणतात, बराब्बर आहे साहेब. त्यांच्यामागून सगळी खोली बराबर होते.

देवकाबाईंनी कागदावर पोरींची वाचायची खोली शोधली. ती वरच्या मजल्यावर होती आणि जिना मागच्या बोळातून. त्या उठल्या, पण तोंड उघडायच्या आत भैय्याजींनी हातानंच बसवलं. "बस वो देवका. साहेबानं इचार करूनच काढलं असन."

त्या बसल्या. कोणाच्या सांगण्यावरून, आयुष्यात पहिल्यांदा. बाहेर टपरीवर जो तो जिन्याला नावं ठेवत होता. मग अंदर काऊन नाई बोलले, असं त्यांनी विचारल्यावर सगळ्यांना आपापल्या कपात काहीतरी दिसलं.

रस्ताभर देवकाबाईंच्या डोक्यात तो जिनाच होता. कागदावरचा जिना म्हणजे चार रेघा, त्यात कोणाचा पाय अडकणार? बागेत कोणी कागद पाहून खड्डे खणत नाही. आधी गाठी मारलेली दोरी ताणतात, गाठीगाठीला चुन्याची फक्की टाकतात, मग घरातली सगळी माणसं त्यातून चालतात आणि तिथंच भांडतात. भांडण मिटलं की फावडं. लायब्ररीलाही तेच पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मायलेकी मोकळ्या जागेवर होत्या. दामिनी नकाशाच्या फोटोतून आकडे सांगत होती, बाई गाठी मोजत होत्या. घोटाळा दोरीचा झाला. नव्या बागेत झाडं जवळजवळ, म्हणून त्यांच्या दोरीच्या गाठीही जवळ. त्या दिवशी हाती आली ती सासऱ्यांच्या काळातली दोरी, गाठी ऐसपैस. लायब्ररी फुगत फुगत रस्ता ओलांडून राजूच्या बाकड्याखालून गेली. कब्जा तो हाच.

चोरी पाहायला अर्धा वार्ड जमला आणि पाहता पाहता लायब्ररीत शिरला. रोजचा पेपर दुसऱ्याकडून वाचून घेणाऱ्या इंदूमावशींनी पेपरच्या खोलीत दगड ओढून बैठक मारली. दार इकडे पाहिजे, खिडकी तिकडे नको, असं जो तो बोलून राहिला. तेवढ्यात केतनसाहेब आले. त्यांनी टेप लावला आणि हळूच सांगितलं, की काकू, ही मंजूर लायब्ररीच्या दीडपट आहे.

राजू म्हणाला, मी सांगत होतो न. लोक हसले. बाईंचे कान तापले. पण त्या घरी जाऊन बसल्या नाहीत. खराट्यानं चुना पुसला, नव्या बागेची दोरी आणवली आणि सगळ्यांच्या देखत पुन्हा आखायला घेतलं.

आमची पैज लागली ती तेव्हा. आता साहेब समोर उभे आहेत, मी भैय्याजींची नक्कल करत बाईंना म्हटलं, भैय्याजी खाकरणार आणि सगळं बराबर होणार. बाई दोरी न सोडता म्हणाल्या, "पाहू न."

खरी लायब्ररी लहान निघाली. पेपरच्या खोलीत इंदूमावशींचे गुडघे भिंतीला लागले. कालपर्यंत मुकी असलेली माणसं आपलं घर कमी झाल्यासारखी कुरकुरू लागली. त्या गलक्यात देवकाबाई भैय्याजींना म्हणाल्या, की तुम्ही तेवढं पोरींच्या खोलीत जाऊन दाखवा.

भैय्याजी काठी टेकत चुन्याच्या इमारतीला वळसा घालून मागे गेले. तिथं शेजारच्या घराची खरीखुरी भिंत आहे. ती आणि चुना यांच्यामधून त्यांना आडवं होऊन जावं लागलं. जिन्याच्या जागी ते थांबले. एकदा पुढे पाहिलं, एकदा मागे. त्यांची नात वृषाली दामिनीबरोबरच अभ्यास करते. त्यांनी घसा खाकरला. काठी डाव्या हातात घेतली.

"नाई साहेब," ते म्हणाले. "हे बराबर नाई. माही नात इथून उतरनार नाई."

केतनसाहेबांनी विचारलं, खाली आणायची तर जागा कुठली? समोरच्या हॉलमध्ये सत्काराचा मंच आखला होता, आणि त्यावरची एक खुर्ची भैय्याजींचीच, हे पोरासोरांनाही माहीत होतं. त्यांनी काठीच्या टोकानं मंचाची रेघ पुसली.

"हे काढा."

आता पोरींची खोली दर्शनी दाराला लागून आहे आणि भिंती खिडकीपर्यंत आल्या आहेत. मुकुंदकाका रोज संध्याकाळी त्यांच्यावर पाणी मारतात. लग्नाचं विचारलं, तर म्हणतात, आधी लायब्ररीचं छत तर होऊ द्या.

पैज मी हरले. लायब्ररी उघडली की दर रविवारी इंदूमावशींना पेपर वाचून दाखवायचा, तोही माझ्याच आवाजात, कोणाची नक्कल नाही. सराव आतापासूनच, विटांच्या ढिगावर. परवा एका सत्काराची बातमी आली आणि माझा घसा आपोआप खाकरला. देवकाबाईंनी नुसतं पाहिलं. मी बातमी पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचली.