नव्वद दिवसांची अमेरिका

सिंगापूरला बेडोकच्या मराठी मंडळींत कुणाला अमेरिकेची चौकशी करायची झाली की तो साधनाताईंकडे जातो. कुणाची बदली होते, कुणाच्या लेकाला प्रवेश मिळतो, आणि मग बाराव्या मजल्यावरच्या त्यांच्या फ्लॅटची बेल वाजते. आता या बाई तिकडे ना नोकरीला होत्या, ना शिकायला. त्यांनी तिथे बाळंतपणं केली. स्वतःची नव्हेत, दुसऱ्यांची. चार शहरांत मिळून सहा.

त्याचं झालं असं की साधनाताई पाच बहिणींत धाकट्या. नाशिकच्या थोरल्या बहिणींची मुलं-मुली एकामागून एक अमेरिकेला गेली. तिकडे पाळणा हलायची वेळ आली की इकडे कुणाचे गुडघे आडवे यायचे, कुणाचा व्हिसा. साधनाताईंकडे मात्र सिंगापूरचा पासपोर्ट. व्हिसाची भानगड नाही, नव्वद दिवस खुशाल राहा. शिवाय इंग्रजी येतं, हाताला चव आहे आणि 'नाही' म्हणता येत नाही. एवढे गुण एका बाईत असले की नातेवाईक तिला बरे सोडतील!

त्यामुळे त्यांना अमेरिका दिसली ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून. बफेलोत बर्फ इतका की दार उघडेना. पण शेजारचा म्हातारा न सांगता फावड्याने वाट करून द्यायचा आणि आभार मानायच्या आत पसार व्हायचा. तिथेच त्यांनी बाळंतिणीच्या खोलीत ओव्याची धुरी केली आणि दहा मिनिटांत आगीचा बंब दारात. हेल्मेटवाल्या चार धिप्पाड बाप्यांना त्यांनी धुरीचे फायदे समजावून सांगितले, वर डिंकाचा एकेक लाडूही हातावर ठेवला. ह्यूस्टनची हवा सिंगापूरसारखीच चिकट, पण कोथिंबिरीची जुडी आणायची तरी गाडी हवी. फुटपाथ मध्येच संपतो. गाडी न येणारी बाई तिथे घरातच कैद. फीनिक्सला लंगोट वाळत घालून पाठ फिरवावी तोवर कडकडीत. "असं ऊन बेडोकला असतं तर मी पापडांचा कारखाना काढला असता," हे त्या आजही सांगतात. सिएटलला अडीच महिन्यांत बाळाला कोवळं ऊन दाखवता आलं ते मोजून नऊ दिवस. पण तिथे ओळख ना पाळख अशा शेजारणीने सुपाचं भांडं आणून दारात ठेवलं, आणि साधनाताईंनी त्या शहराला सगळं माफ केलं.

बारा गावचं पाणी प्यालेली बाई ती. तिच्यापुढे अमेरिकेबद्दल बोलायची कुणाची टाप नव्हती.

यंदा मात्र त्यांच्या स्वतःच्या एकुलत्या एका मुलीचं, श्रियाचं बाळंतपण होतं. श्रिया आणि तिचा नवरा धवल बुकित बातोकला राहतात, एमआरटीने, म्हणजे मेट्रोने, तासाभरावर. तारीख नोव्हेंबरची. साधनाताईंनी ऑगस्टमध्येच लिटल इंडियातून डिंक, अळीव, बाळंतशेपा आणून डबे भरून ठेवले होते. एका शनिवारी श्रिया आली, डब्यांकडे बघत राहिली आणि शेवटी सिंगापुरी 'लाह' जोडत म्हणाली, "आई, आम्ही कन्फाइनमेंट नॅनी बुक केलीये. अठ्ठावीस दिवस. मलेशियाची चायनीज आंटी आहे, व्हेरी एक्स्पीरियन्स्ड लाह."

बाळंतिणीसाठी महिनाभर घरात राहणारी बाई ठेवायची, ही सिंगापूरची रीतच आहे. साधनाताईंना ती चांगली ठाऊक होती. ती आपल्याच घरात शिरेल असं मात्र वाटलं नव्हतं. "बरं केलंत," एवढंच त्या म्हणाल्या. या 'बरं केलंत'चा अर्थ त्यांच्या यजमानांना, प्रमोदरावांना, इतक्या वर्षांच्या संसारानंतर बरोबर कळला. त्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

दोनच दिवसांनी मिनियापोलिसहून भाचीचा, क्षिप्राचा फोन आला. "मावशी, विचारायला संकोच वाटतो गं. पण माझीही तारीख नोव्हेंबरचीच आहे..."

"येते," साधनाताई म्हणाल्या. विचार त्यांनी पूर्वीही कधी केला नव्हता, पण या वेळचं 'येते' रागाचं होतं.

"अगं, आणि श्रिया?" प्रमोदरावांनी विचारलं.

"तिला नॅनी आहे. जिथे माझी किंमत आहे तिथे मी जाते."

प्रमोदराव सहसा बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले. "मग या वेळी तिला तूच सांग. आजवर प्रत्येक वेळी मी सांगितलंय."

रविवारी सकाळी साधनाताई बुकित बातोकला गेल्या आणि सांगून टाकलं. खरं बोलायचं तर श्रियाने 'जाऊ नकोस' म्हणून मनधरणी करावी, यासाठीच तो सगळा खटाटोप होता. श्रिया बाळाच्या झबल्यांच्या घड्या घालत होती. तिने नुसती मान हलवली. "ओके. मिनियापोलिस. मला वाटलंच होतं. म्हणून तर नॅनी बुक केली, आई."

"म्हणजे?"

"बफेलो म्हणजे माझी पीएसएलई. सहावीचा रिझल्ट घ्यायला सगळ्यांच्या आया आल्या होत्या, माझ्यासाठी बाबा. फीनिक्स म्हणजे माझी पहिली पाळी. बाबा दुकानातून प्रत्येक ब्रँडचं एकेक पाकीट घेऊन आले, पुअर थिंग." ती हसली. "ह्यूस्टन म्हणजे डेंग्यू. तुला कळवायचं नाही असं आम्ही ठरवलं, उगाच तिकडे काळजी करशील म्हणून. सिएटलचं काही नाही, तोवर मी मोठी झाले होते."

"श्रिया, अगं..."

"मी चिडले नाहीये. पण कुणाचाही फोन आला की यू गो. दरवेळी. या वेळी मला चान्स घ्यायचा नव्हता."

फीनिक्सच्या उन्हाचं कौतुक साधनाताईंनी किती वर्षं, किती जणांना सांगितलं होतं, आणि त्याच दिवसांत इकडे लेक भेदरून बाथरूममध्ये बसली होती. डेंग्यूचं तर त्या आज ऐकत होत्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. त्यांना रडू आवरेना.

"नॅनीला नको म्हणून सांग," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "मी करते सगळं."

"नको, ती राहू दे. तिला सूप करू दे, बाळाला आंघोळ घालू दे. कामाला लागलीस की तुला दुसरं काही दिसत नाही. तू माझ्याजवळ बस."

"नुसतं बसू?"

"नुसतं बस."

सहा बाळंतिणींना न्हाऊमाखू घालणाऱ्या बाईला हे काम नवं होतं. त्यांनी तिथूनच क्षिप्राला फोन लावला, येता येणार नाही म्हणून सांगितलं, माफी मागितली, तुझ्या सासूबाईंना रोज व्हिडिओवर सगळं शिकवीन असं कबूल केलं. क्षिप्रा हिरमुसली. "पण मावशी, श्रियाने नॅनी ठेवलीये म्हणालीस ना?"

"ठेवलीये की. बाळंतिणीचं सगळं ती बघेल," साधनाताई म्हणाल्या. "मला माझ्या मुलीजवळ बसायचंय."