लॅपटॉप बंद होता

मुलुंडच्या त्या चोरीची फिर्याद मी विसरलेलो नाही, आणि ती लक्षात राहिली ती तिच्यातल्या एका शब्दामुळे. निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली. त्या प्रकरणात एका बाईच्या जिवाचा प्रश्न होता, म्हणून नाव कोणाचंच देत नाही.

तेव्हा मी तिथल्या पोलीस ठाण्यात गुन्ह्यांच्या तपासाचं काम पाहत होतो. लग्नसराई सुरू होती. या दिवसांत हॉलमधल्या चोऱ्या वाढतात. चोर चांगला कुर्ता घालून येतो, म्हाताऱ्यांच्या पाया पडतो, पंगतीत आग्रहही करतो. मुलीकडच्यांना तो मुलाकडचा वाटतो, मुलाकडच्यांना मुलीकडचा. आहेराची पाकिटं उचलायच्या आधी पोटभर जेवून घेतो.

अशाच एका हॉलमधून एका बाईंची बॅग गेली. भाचीच्या साखरपुड्याला त्या कामावरून थेट आल्या होत्या. घर सोडून आलेल्या बायकांना आसरा मिळवून देणाऱ्या संस्थेत त्या समुपदेशक होत्या. तिथे सगळ्या त्यांना ताई म्हणत, मीही इथे तेच म्हणतो. मुलीची ओटी भरायच्या गडबडीत खुर्चीमागची बॅग नाहीशी झाली. बॅगेत संस्थेचा लॅपटॉप होता.

ठाणे अंमलदाराने फिर्याद लिहून घेतली. रंग, अंदाजे किंमत, बॅगेचं वर्णन, आणि शेवटी, 'सदर लॅपटॉप बंद स्थितीत होता.' सही करूनही ताई उठल्या नाहीत. त्यांना माझ्याकडे पाठवण्यात आलं.

"साहेब, लॅपटॉप गेला तर जाऊ दे. त्यात बायकांचे आत्ताचे पत्ते आहेत. आणि त्यांच्या नवऱ्यांचे नंबर पण त्याच फायलीत आहेत."

एवढं ऐकल्यावर मला पुढचं सांगावं लागलं नाही. फाइल वाचणारा माणूस थोडा हुशार निघाला, तर बायकोचा पत्ता विकायला त्याने नवऱ्याला फक्त एक फोन करायचा होता. त्या बायकांमधली एक मूळची मालवणकडची. नवऱ्याने तिच्यावर कोयत्याने वार केले होते. तो जामिनावर सुटला होता आणि 'तिला कुठे लपवलीय' असं विचारत संस्थेच्या दारात येऊन गेला होता. ती मुलीला घेऊन बोरीवलीत भाड्याच्या खोलीत राहत होती, एका पोळी-भाजी केंद्रात काम करत होती. मुलीची दहावीची परीक्षा तोंडावर आली होती.

मी सायबर कक्षातल्या उपनिरीक्षक बाईंना फोन लावला आणि ताईंनाही ऐकू यावं म्हणून स्पीकरवर ठेवला. वयाने लहान, पण कामाला पक्क्या.

"डिस्क एन्क्रिप्टेड आहे का, सर?"

ताई 'हो' म्हणाल्या. संस्थेने सगळेच लॅपटॉप तसे करून घेतले होते. सुरू करताना आधी एक कोड टाकावा लागे, मगच पुढचं काही दिसे.

"मग निम्मी काळजी सोडा. चोराने डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तरी त्याला नुसता भुसा दिसणार. कोड चांगला असेल तर तो आम्हालाही तोडता येत नाही. आमच्याकडे मुद्देमालात असली किती मशीन पडून आहेत. फक्त चोरी झाली तेव्हा ते बंद होतं ना?"

"हो, बंद होता," ताई म्हणाल्या.

घरफोडीची कामं वर्षानुवर्षं केलेल्या माणसाला या शब्दाचा भरवसा नसतो. फिर्यादी सांगतो, दार बंद होतं. बंद म्हणजे नुसतं ओढून घेतलेलं, कडी घातलेलं, की कुलूप लावलेलं? तिन्हीला लोक बंदच म्हणतात, आणि तपासात तिन्हींत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. म्हणून मी नेहमी करून दाखवायला सांगायचो. फोन ठेवल्यावर तासाभरात उपनिरीक्षक बाई स्वतःच ठाण्यात आल्या. त्यांचा लॅपटॉप ताईंसमोर ठेवून मी म्हटलं, "त्या दिवशी कसा बंद केला होता, करून दाखवा."

ताईंनी दोन्ही हातांनी हळूच झाकण खाली केलं. "असा."

उपनिरीक्षक बाईंनी ते झाकण परत वर केलं. मग म्हणाल्या, "ताई, हा बंद नाही झाला. हा झोपला."

त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत मांडतो. एन्क्रिप्शन म्हणजे तिजोरी. मशीन पूर्ण बंद असतं तेव्हा तिजोरीला कुलूप असतं. कोड टाकून सुरू केलं की तिजोरी उघडते, आणि मशीन पूर्ण बंद करेपर्यंत उघडीच राहते. नुसतं झाकण टाकलं तर उघड्या तिजोरीवर चादर घातल्यासारखं होतं.

"पण झाकण उघडल्यावर पासवर्ड मागत असेल ना?" मी विचारलं.

ताईंनी पदर हातात घेतला. "तो मी काढायला लावला होता."

"का?"

"साहेब, बाई समोर बसून बोलत असते. बोलता बोलता रडायला लागते. तेव्हा स्क्रीनकडे बघत टाइप करत राहणं बरं दिसतं का? मी झाकण खाली करते, तिचं ऐकते. ती शांत झाली की परत वर करते. दिवसभर हेच चालतं. दर वेळी पासवर्ड टाकत बसले तर ती बोलायचीच थांबते."

उपनिरीक्षक बाईंनी हे सगळं टिपून घेतलं.

आता प्रश्न एकच उरला. चोरी झाल्यानंतर ते झाकण कोणी वर केलं का? त्या मालवणच्या बाईला त्याच दिवशी दुसरीकडे हलवावं, असं माझं मत होतं. मी आणि ताई बोरीवलीला गेलो. केंद्रात कणकेचे हात घेऊनच ती बाहेर आली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आता खंय जाव मी, साहेबानू? पोरीची परीक्षा आसा. हंयसर येवन श्वास घेतलंय." मग माझ्यासाठी मुद्दाम शुद्ध बोलल्यासारखं म्हणाली, "लॅपटॉप कोणी उघडला ते आधी मला सांगा. उघडला असेल तर आजच्या आज जाते. नसेल तर उगाच नको."

बोरीवलीच्या ठाण्याला सांगून तिच्या गल्लीत गस्त वाढवली. पण खरं उत्तर चोराकडेच होतं.

टीप आली ती एका खबऱ्याकडून. भांडुपच्या त्याच्या ओळखीच्या इस्त्रीवाल्याकडे एक माणूस दर मुहूर्ताच्या आदल्या दिवशी तोच रेशमी कुर्ता आणून देत असे. इस्त्रीवाल्याने एकदा थट्टेने विचारलं, तुझ्या घरात लग्नं तरी किती रे? त्यावर तो म्हणाला, "आमचं खानदान मोठं आहे." पुढच्या मुहूर्ताला तो कुर्ता घ्यायला आला, तेव्हा आमचे दोन हवालदार तिथे शर्ट घेऊन उभे होते.

चोरी त्याने लगेच कबूल केली. अशी माणसं चोरीवरून वाद घालत नाहीत, वाद घालतात ते कलमांवरून. लॅपटॉप अंधेरीतल्या एका दुरुस्तीवाल्याला दिल्याचंही सांगितलं.

"उघडला होतास?"

"नाही साहेब. मला त्यातलं काही कळत नाही. आपली लाइन वेगळी."

मी तो विषय सोडला. चहा मागवला. कुठल्या हॉलवर जेवण चांगलं असतं ते विचारलं. तो खुलला. कोणता केटरर बासुंदीत पाणी घालतो, इथपर्यंत माहिती दिली. दरम्यान आमच्या माणसांनी दुरुस्तीवाल्याला मुद्देमालासह आणलं. त्याचा जबाब सरळ होता. "मशीन सुरू केलं की कोड मागतंय, साहेब. पुढे जातच नाही. सुट्या भागांसाठी घेतलं. हा फोनवर बोलला होता, चालू पीस आहे, एकदम झकास."

मी चोराकडे वळलो. "चालू आहे हे तुला कसं कळलं रे?"

त्याने कप खाली ठेवला.

"बासुंदीतलं पाणी कळतं तसं?" हवालदार मागून म्हणाला.

"एकदा उघडला साहेब. फक्त एकदा."

"काय दिसलं?"

"मराठीत लिहिलेलं होतं. कोण्या बाईचं. नवऱ्याने अमुक तारखेला मारलं, तमुक तारखेला कोयता घेतला, शेजारी कोण होते, टाके किती पडले. अर्धं पान वाचलं असेल. वाचता वाचता घामच फुटला."

"का?"

"हे तर जबाबासारखं आहे ना. म्हटलं, आपण पोलिसांचाच लॅपटॉप उचलला. वाट लागली. बटण दाबून धरलं ते पार काळं होईपर्यंत."

हवालदार हसला. मला हसू आलं नाही. ज्या क्षणी त्याने घाबरून ते बटण दाबून धरलं, त्या क्षणी तिजोरीला कुलूप लागलं. जे काम ताईंच्या हातून राहिलं होतं, ते भीतीपोटी चोराने पुरं केलं.

"मग विकलास कशाला?"

"टाकून द्यायला जीव होईना, साहेब."

"पत्ता वाचलास?"

"बोरीवली एवढं आठवतं. तिकडच्या हॉलवर पुढे जायचं होतं, म्हणून."

चोराच्या सांगण्यावरून मुद्देमाल मिळतो, पण कोणाचा जीव त्याच्या भरवशावर टाकता येत नाही. त्याचे फोन तपासले. संस्थेतल्या कोणालाही किंवा कोणाच्या नवऱ्याला त्यावरून फोन गेलेला नव्हता. उपनिरीक्षक बाईंनी पंचांसमक्ष डिस्कची प्रत काढली आणि संस्थेकडच्या कोडने ती उघडून मशीनच्या आतल्या नोंदी पाहिल्या. चोरीनंतर ते एकदाच जागं झालं होतं आणि थोड्याच वेळात अचानक बंद पडलं होतं. पेनड्राइव्ह लागला नव्हता, इंटरनेट जोडलं गेलं नव्हतं. त्यानंतर दुरुस्तीवाल्याने केलेले प्रयत्न कोडपाशीच अडले होते.

मी ताईंना घेऊन पुन्हा बोरीवलीच्या त्या केंद्रात गेलो. तिला खोटा दिलासा द्यायचा नाही, हे ठरवूनच गेलो होतो. एका माणसाने उघडला, अर्धं पान वाचलं, तो आता कोठडीत आहे, पुढे काही गेल्याचा पुरावा नाही, असं जसंच्या तसं सांगितलं. ते पान तिचंच होतं, हेही सांगितलं.

तिने विचारलं, "वाचून काय म्हणाला तो?"

"घाबरला."

तिने कणकेचा एक गोळा तोडला. "चोर वाचून घाबरलो. जेना घाबरूक होया होता, तो मात्र कधी घाबरलो नाय." आणि पोळी लाटायला घेतली. ती हलली नाही.

परतताना ताईंना मी चार गोष्टी सांगितल्या, त्या वाचकांनाही सांगतो. लॅपटॉप घराबाहेर न्यायचा असेल तर झाकण टाकून नव्हे, पूर्ण बंद करून न्या. झाकण उघडल्यावर पासवर्ड मागू द्या, त्रास झाला तरी. कोड लिहून त्याच बॅगेत ठेवू नका. आणि एन्क्रिप्शन करून घेतलं आहे का, हे लॅपटॉप जायच्या आधी विचारा. ते नीट वापरलं तर चोराच्या हाती पत्र्याचा डबा लागतो, हे मी स्वतः पाहिलं आहे.

पण त्या बाईचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. सगळेजण तिचा पत्ता लपवण्याच्या मागे लागलो होतो. तिच्या नवऱ्याचा पत्ता तर जामिनाच्या कागदांवर पहिल्यापासून होता. तिच्या किंवा संस्थेच्या जवळपास फिरकायचं नाही, या अटीवर त्याला जामीन मिळाला होता, आणि तो संस्थेच्या दारात जाऊन आला होता. मी ताईंचा आणि संस्थेच्या वॉचमनचा जबाब घेतला, सरकारी वकिलांना भेटलो, जामीन रद्द करण्याचा अर्ज न्यायालयात गेला. सुनावणीला तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. न्यायाधीशांनी जामीन रद्द केल्याचा आदेश वाचून दाखवला, तेव्हा पहिल्यांदा त्याचा चेहरा उतरलेला मी पाहिला.

ठाण्यात परतल्यावर मी ताईंना फोन करून सांगितलं, तिला कळवा, आज तो घाबरला.