एटहंड्रेडचा उजवा जॉइंट

जुनी गाडी ठेवली की दोन गोष्टी साठतात. डिकीत वाळू आणि तोंडात किस्से! वाळू झाडून काढता येते. किस्से मात्र पाहुण्यांना वाढता वाढता मी सांगत सुटते आणि आमटी गार होते.

आमची पांढरी मारुती एटहंड्रेड ह्यांनी हौसेनं घेतलेली. वादळात वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या, पुढे हेही गेले. मागे चालू अवस्थेत राहिलं काय? एक शेगडी आणि ही गाडी. मग पन्नाशीत स्टिअरिंग धरलं. आता दिवेआगरातल्या होमस्टेंना जेवणाचे डबे पोचवते. गाडी थांबली की चूल थांबली! आणि यंदा होतं पासिंग. आरटीओत फेल झाली तर गाडी भंगारात, हे सगळ्या गावाला माहीत. म्हणून तर सगळं गाव तिला पास करायच्या मागे लागलं होतं.

* * *

सुरुवात झाली ती देवळाच्या वळणावर. स्टिअरिंग उजवीकडे कापलं की पुढून कट-कट-कट! मला वाटलं, डिकीत नारळ वाजतायत. सगळे नारळ उतरवले. तरी कट-कट.

आमचे मेकॅनिक युसूफभाई. हात सोन्याचा, तोंड मात्र मिरचीचं. गाडीखाली एकदा वाकून बघितलं आणि माझ्यावरच डाफरले, "वहिनी, हा एक्सलचा जॉइंट. म्हणजे चाकाचा गुडघा समजा. त्याच्यावर हा रबरी बूट, आत ग्रीस. बूट फाटला, ग्रीस बाहेर, वाळू आत. बीचवर कशाला घालता गाडी?"

"पाहुणे डबे बीचवर मागवतात, मी काय करू?"

"गुडघा बदलायला लागणार. पण युसूफनं बसवलेला जॉइंट परत बोलत नाही, लिहून घ्या!"

* * *

पार्ट मिळेपर्यंत गाडी जपून चालवायची असं ठरलं. त्यात हरिहरेश्वरला पाहुणे सोडून येताना उरलेला बूटही लोंबायला लागला. बरोबर दिनू होता. दिनू आमची वाडी बघतो. काळजी वाटली की काही न बोलता सुपारी कातरत बसतो, त्यामुळे आमच्या घरात सुपारीला तोटा नाही.

"थांबा वैनी, करतो कायतरी," म्हणाला आणि शेजारच्या वाडीत शिरला. पोफळीची पडलेली विरी घेऊन आला. झावळीच्या बुडाची ती चिवट साल हो. जॉइंटवर माझ्या बाटलीतलं खोबरेल ओतलं, वरून विरी गुंडाळली आणि सुंभानं करकचून बांधली. हळूहळू आलो की घरी!

दुसऱ्या दिवशी युसूफभाई गाडीखाली गेले आणि आतूनच ओरडले, "कोणी केलं हे?"

"मी," दिनू छाती काढून म्हणाला.

"अरे, गाडी बाळंत झाली काय? तेल चोळून पट्टा बांधलाय तो!"

* * *

नवा बूट काही मिळेना. दुकानदार म्हणायचे, "काकू, एवढ्या जुन्या गाडीचं कोण ठेवतंय?" शेवटी युसूफभाईंनी गल्फमधल्या मेहुण्याला फोन लावला. मेहुणा बिचारा दिलाचा राजा. सुट्टीवर आला तो बूट घेऊनच! पण केवढा? वाळवंटातल्या जीपचा. आमच्या चाकाएवढा!

युसूफभाई डोक्याला हात लावून बसले. हिराबाई कोळीण मासळीची पाटी घेऊन तिथूनच चालली होती. तिनं तो बूट उचलला, उलटा केला, एका डोळ्यानं आरपार बघितलं.

"दादा, तुमाला नको तं मना द्या."

आजही तिच्या होडीत डिझेल त्याच बुटाच्या नरसाळ्यातून ओततात. आणि तिच्याच भाच्यानं आम्हाला पनवेलच्या एका भंगारवाल्याकडून खरा जॉइंट आणि बूट आणून दिला, ही त्या मेहुण्याची पुण्याई, असं मी मानते.

* * *

जॉइंट बसवायचा दिवस नेमका रमजानातला. मी म्हटलं, "भाई, उपास आहे, उद्या करू." पण पासिंगच उद्या! दुपारभर तो माणूस घोटभर पाणी न पिता गाडीखाली. रोजा सोडायची मगरीबची अजान झाली तेव्हा दोन्ही हात कोपरापर्यंत ग्रीसमध्ये आणि जॉइंट अर्धा आत. काम सोडता येईना. मग दिनू आडवा झाला, सरपटत आत गेला आणि त्यानं युसूफभाईंच्या तोंडात खजूर घातला.

"हात धुतलेस का?"

"धुतलं व्हतं. मग तुमचाच पाना धरला."

खाली दोघं हसत होते, आणि वर मी पदरानं डोळे पुसत होते. खरं सांगते, ह्यांच्या मागे मला एकटं असं कधी वाटलंच नाही. ह्या लोकांनी वाटू दिलं नाही.

* * *

आरटीओचं मैदान. युसूफभाई इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आलेले. साहेब माझ्या शेजारी बसले. मागच्या सीटवर दिनू, त्याला उतरायचं कोणी सांगितलंच नाही.

"स्टिअरिंग पूर्ण कापा. गोल फिरवा."

मी फिरवलं. आणि ऐकू आलं. कट… कट.

"मॅडम, जॉइंट गेलाय."

डोळ्यासमोर सगळे डबे रिकामे दिसायला लागले. गाडी थांबवली. युसूफभाई धावत आले. "माझा जॉइंट? बोलला? अशक्य!" आणि पांढऱ्या सदऱ्यानिशी सरळ गाडीखाली.

"इंजिन बंद करा," साहेब म्हणाले.

केलं. सगळं शांत. गाडीखालून नुसते युसूफभाईंचे पाय.

कट.

साहेबांनी हळूच मागे वळून बघितलं. मीही बघितलं. दिनू घामाघूम, हातात अडकित्ता.

साहेब उतरले, बॉनेटवर कागद ठेवून सही केली, शिक्का मारला. मग मागच्या खिडकीशी गेले आणि तळहात आत पसरला.

"बारीक कातरा."