धुऱ्यावरून लिहिलेली ओळ

तेव्हा मी जवाहरनगरला कारखान्यात कारकून होतो आणि स्वतःला कवी समजत होतो. कविता सुचते, ती करायची नसते, हा माझा हट्ट. सुचलेल्या ओळीतला काना-मात्रा बदलणंही मला पाप वाटायचं. खरं म्हणजे तो आळस होता, पण आळसाला तत्त्वाचं नाव दिलं की मिरवता येतं.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी, एका आषाढात, कारखान्याच्या बसमध्ये मला एका दमात धानाच्या रोवणीवरची कविता सुचली. जुन्या पाकिटाच्या पाठीवर लिहून घेतली. नागपूरच्या एका दिवाळी अंकाने पहिल्यांदाच कविता मागितली होती. हीच पाठवायची, असं मी बसमधून उतरण्याआधीच ठरवून टाकलं. रविवारी पवनीजवळच्या आमच्या गावी गेलो, तेव्हा पाकीट खिशातच होतं.

आई रोवणीच्या बायांत गाणं सांगायची. ओळ ती म्हणायची, बाकीच्या झेलायच्या, आणि त्या तालावर रोपं चिखलात लागायची. शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं. संध्याकाळी चुलीपुढे मी तिला कविता वाचून दाखवली. ‘पुढे पुढे जाती बाया, मागे हिरवे धान’ ही ओळ आली आणि भात ढवळणारा तिचा हात थांबला.

“रोवताना बाई पुढं कुठं जाते रे? मागं मागं सरते. पुढं गेली का रोवलेलं पायाखाली येते.”

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. लहानपणापासून शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहून बघत आलो होतो. पण ओळ अशी डौलात आली की डोळ्यांनी पाहिलेलंही विसरलो.

“मले तसंच सुचलं, माय. सुचलेलं बदलवाचं नसते.”

“काहून? पऱ्ह्यातले रोपं उपटून दुसऱ्या बांधीत लावतो, तवाच धान भरते. तुह्या गाण्याले काय होते?”

मला रागच आला. पाकीट खिशात कोंबून जेवायला बसलो. पण परतीच्या बसमध्ये पाकीट काढलं, तर त्या ओळीत मला तुडवलेली रोपंच दिसू लागली. मग आठवडाभर खोडत राहिलो. एक ओळ हलवली की शेजारचीही सैल व्हायची. शेवटी ‘मागे मागे सरती बाया, पुढे हिरवे धान’ असं झालं, आणि अंकात तसंच छापून आलं. दिवाळीत तिला वाचून दाखवलं. “आता ठीक हाये,” एवढंच म्हणून ती कामाला लागली. मी जरा हिरमुसलो.

पुढच्या आषाढात रजेवर आलो. शिदोरी घेऊन धुऱ्यावर पोचलो, तर बांधीतून, चिखलाच्या खाचरातून, माझीच ओळ ऐकू आली. आई सांगत होती, बाया झेलत होत्या:

‘मागं मागं सरतो आमी, पुढं हिरवं धान.’

बोलीचा सूर सोडला, तर एकच शब्द तिने बदलला होता. माझ्या ‘बाया’ काढून ती स्वतः ओळीत उतरली होती. मी आठवडाभर घाम गाळला खरा, पण उंटावरूनच शेळ्या हाकल्या होत्या. तिथेच खिशात एखादं पाकीट शोधलं आणि तिचा शब्द उतरवून घेतला.

काही वर्षांनी माझा संग्रह निघाला, त्यात ती ओळ तिच्याच शब्दात आहे. लिहिण्यातलं जे काही मला येतं ते तिने दिलेलं आहे, हे मी तिला संग्रह हातात देताना सांगितलं. तिने ते कानाआड केलं. “कोन्ती होय?” विचारून मी दाखवलेल्या त्या ओळीवर तिने भेगाळलेलं बोट ठेवलं, आणि बराच वेळ काढलं नाही.

“पुढच्या साली रोवणीत ही ओळ अजून एकडाव पाहून घेजो,” ती म्हणाली.