कानानं पसंत केलेली गाडी

गाढवपणा सगळेच करतात हो. पण टाइप करून, तीन प्रतींत, खाली सही ठोकून केलेला गाढवपणा तुम्ही कधी ऐकलाय? नाही ना? मग आधी तो चहा संपवा. ऐकताना ठसका लागला तर माझ्या नावानं ओरडायचं नाही!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सोलापुरात एका चादरीच्या कारखान्यात हेडक्लार्क होतो. आमचे मालक राजय्या. घरात तेलुगू, बाजारात मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. माणूस सोन्यासारखा, पण कारखान्यात मोटार नव्हती. दिल्लीचे मोठे व्यापारी चादरी बघायला आले की स्टेशनावरून टांग्यातनं यायचे. एकदा त्यातल्या एका जाडजूड शेठजींच्या मांडीवर नमुन्यांचं गाठोडं, गाठोड्यावर मी, आणि पुढं घोडा बिथरलेला! शेठजी कारखान्यात उतरले ते थेट पाणी मागत. ऑर्डर गेली शेजारच्या कारखान्याला. त्यांच्याकडं मोटार होती.

दुसऱ्या दिवशी मालकांनी सगळ्या स्टाफला बोलावलं.

"कंपनीला गाडी घ्यायची. पंधरा हजार. पंधराच्या वर एक रुपाया न्हाई. पुढच्या महिन्यात दिल्लीवाले परत येणार, त्याच्या आत गाडी दारात पाहिजे."

आता त्या काळात नवीन गाडीला नंबर लावायचा म्हणजे नातवाच्या लग्नाच्या वरातीची सोय करून ठेवायची! तेव्हा गाडी जुनीच बघायची हे ठरलेलं.

"तुमच्यात गाडीतलं कळतंय कुणाला?" मालकांनी विचारलं.

सगळे खाली बघायला लागले. आणि मी, काय दुर्बुद्धी झाली देव जाणे, म्हणालो, "मला कळतंय की थोडंफार."

"चालवता येती?"

"येती की!"

खरं सांगू? माझा गाडीशी आलेला संबंध फक्त ढकलण्यापुरता. अक्कलकोटच्या मामांची जीप होती, ती सुरू व्हायच्या आधी मी मागं असायचो आणि सुरू झाली की मी रस्त्यातच राहायचो. पण नवीनच आलेला एक अकौंटंट माझ्याकडं असा काही आदरानं बघायला लागला, की मला माघार घेववेना.

पहिली गाडी एका डॉक्टरांची. रेल्वे लाइन्स भागात बंगला, दारात निळी फियाट. माझ्याबरोबर मालकांनी हुसेनभाईंना दिलं होतं. हुसेनभाई आमच्या कारखान्यातले फिटर. चादरीच्या मागापासून मालकांच्या कपाटाच्या कुलपापर्यंत काहीही बिघडलं की हुसेनभाई. त्यांना गाडी चालवताही यायची. पण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं! ते त्या दिवशी स्टाफच्या बैठकीत नव्हते, माग दुरुस्त करत होते. काम करणाऱ्या माणसाला बैठकीला कोण बोलावतंय?

डॉक्टरांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. "घ्या, एक चक्कर मारून बघा."

ती किल्ली कुठं घालतात हेही मला ठाऊक नव्हतं. पण तोंड! तोंड माझं कधी मागं पडलं नाही.

"डॉक्टरसाहेब," मी किल्ली परत देत म्हणालो, "तुम्ही पेशंटला पळवून बघता का? नाडी बघता ना? मी गाडी चालवून बघत नाही. मी ऐकून बघतो."

आणि सरळ बॉनेटला कान लावून डोळे मिटले. एक मिनिट गेलं. दोन मिनिटं गेली.

मागनं हुसेनभाईंचा आवाज आला, "साब, इंजन बंद है. पैले चालू तो करने देव."

"बंद असतानाचाही आवाज ऐकावा लागतो," मी डोळे न उघडता म्हणालो.

मग हुसेनभाईंनी गाडी चालू केली. आता काहीतरी बोलणं भाग होतं. मी कपाळाला आठ्या घातल्या. "डाव्या अंगाला कुरकुर आहे."

डॉक्टरांचा चेहरा पडला. "कमाल आहे! मागच्याच महिन्यात डाव्या बाजूचं काम केलं हो. कसं कळलं तुम्हाला?"

मला काय माहीत कसं कळलं! उजव्या अंगाला म्हणालो असतो तर गोष्ट तिथंच संपली असती. हुसेनभाई माझ्याकडं बघत राहिले. परत येताना सायकल हातात धरून म्हणाले, "साब, गाडी अच्छी है. चौदा हजार बोलरा डाक्टर. ले लेव."

"आणि ती कुरकुर?"

"कौनसी कुरकुर?"

पण मी फियाट नापास केली. पहिलीच गाडी पास केली तर आपली किंमत काय राहिली?

मालकांनी ही गोष्ट बाजारात सगळ्यांना सांगितली. "आमचा बिराजदार नुसता कान लावतो!" आठ दिवसांत सात रस्ता चौकातल्या चहाच्या टपरीवर लोक मला ओळखायला लागले. कुणी स्कूटर घेऊन यायचं, कुणी ट्रक. मी कान लावायचो, "हम्म" म्हणायचो, आणि समोरचा माणूस आपल्या गाडीची सगळी दुखणी आपणहून सांगून मोकळा व्हायचा. मी फक्त शेवटी म्हणायचो, "तेच म्हणतोय मी." लोक थक्क!

मोडनिंबचा एक शेतकरी तर कारखान्यातच आला.

"सायेब, इहिरीवरचं इंजान लई धापा टाकतंय बगा. तुमी जरा कान लावा की."

"कुठाय इंजिन?"

"ते हितं कुटं आणू? मोडनिंबातच हाय. म्या आवाज काडून दावतो."

आणि त्यानं भर ऑफिसात, टाइपरायटर थांबवून, तोंडानं इंजिनाचा आवाज काढला! धक् धक् धक्... ह्याऽऽस! धक् धक्... ह्याऽऽस! सगळा स्टाफ माझ्याकडं बघतोय. मी डोळे मिटले, मान हलवली.

"तेल बदला."

पंधरा दिवसांनी तो माणूस शेंगांचं पोतं घेऊन आला! इंजिन झकास चाललं होतं म्हणे. मग सांगा, माझं डोकं फिरणार नाही तर काय होणार?

फक्त घरात माझ्या विद्येला मान नव्हता. बायको म्हणाली, "मी सकाळपासून चारदा रॉकेल संपलं म्हणतेय, ते ऐकू येत नाही. आणि गाडीच्या पोटातलं बरं ऐकू येतं?"

मी तिकडं लक्ष दिलं नाही. मोठ्या माणसांना घरून विरोध होतोच.

इकडं दिवस चालले होते. चार गाड्या मी नापास केल्या. एकीचा आवाज चिडका, एकीचा रडका, एकीचा उद्धट. चौथीचा काय होता आता आठवत नाही, पण वाईटच असणार. दिल्लीवाले यायला आठवडा राहिला. मालक रोज विचारायचे, "बिराजदार, काय करलालाव? गाडी बघताव का सून बघताव?"

आणि मग आली वकिलांची अँबॅसडर.

सात रस्त्यापासनं जवळच त्यांचं घर. वयस्कर गृहस्थ, गोड बोलणं. मी मुद्दाम एकटाच गेलो. हुसेनभाई बरोबर असले की सारखे वाकून गाडीच्या खाली बघायचे आणि काहीबाही विचारायचे. त्यानं माझं ध्यान मोडायचं.

वकिलांनी पत्र्याच्या शेडचं दार उघडलं. आत काळी कुळकुळीत अँबॅसडर, पुसून लख्ख. सीटवर पांढरी खोळ.

"आपली कीर्ती ऐकून आहे," वकील म्हणाले. "माझं भाग्य, की आपला कान ह्या गाडीला लागतोय."

मी विरघळलो. ते आत बसले, किल्ली फिरवली. मी नेहमीप्रमाणं बॉनेटला कान लावून डोळे मिटले.

आहाहा! काय सांगू! घर्रर्रर्र... एकसारखा, खोल, गंभीर आवाज. कुठं अडखळणं नाही, कुठं धाप नाही. बॉनेट माझ्या गालाखाली हळुवार थरथरत होतं. मी पाच मिनिटं तसाच उभा राहिलो.

"वा! वकीलसाहेब, काय लय आहे!"

"हो का?" वकील म्हणाले.

"असं इंजिन सोलापुरात दुसरं नसेल."

"आपण म्हणता तर तसंच असणार."

बघा, माणूस शेवटपर्यंत इंजिनाबद्दल स्वतःहून एक शब्द बोलला नाही! तो मोठेपणा आहे असं मला वाटलं. किंमत? पंधरा हजार. बरोब्बर पंधरा! मी ऑफिसात येऊन अहवाल टाइप केला: 'इंजिनाचा ध्वनी अखंड, धीरगंभीर व सात्त्विक. वाहन कंपनीच्या प्रतिष्ठेस अनुरूप. खरेदीस जोरदार शिफारस.' तीन प्रती. तिन्हींवर सही.

गुरुवारी सकाळी मालक स्वतः गाडी आणायला निघाले. बरोबर नारळ, झेंडूचा हार, खिशात पैशांचं पाकीट. हुसेनभाईंनाही घेतलं. मी म्हटलं, चला, हुसेनभाई चालवतील, आपण बाजूला बसू.

कसलं काय! वकिलांच्या शेडपुढं दहा-वीस माणसं जमलेली. मालकांनी हार घातला, नारळ फोडला, मागं जाऊन ऐटीत बसले आणि म्हणाले, "बिराजदार, बसा पुढं. पहिली चक्कर तुमच्याच हातची!"

"मी? नको मालक... हुसेनभाईंना..."

"पसंत कुणी केली? तुम्ही! मग मान तुमचा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी स्टिअरिंगच्या चाकापुढं बसलो. खाली बघतो तर पायाशी तीन पेडल! मला दोनच पाय! देवा सिद्धरामेश्वरा, ह्या भिंतीला धडक बसू दे, पण मालकांना काही होऊ देऊ नको, असं म्हणून मी किल्ली फिरवली.

टक्.

परत फिरवली. टक्.

काही नाही! गाडी चालूच होईना! तुम्हाला सांगतो, नोकरीच्या पहिल्या पगारालाही मला इतका आनंद झाला नव्हता. मी तोंड उतरवून म्हणालो, "मालक, आज काही योग दिसत नाही. चला घरी."

"असं कसं? अखंड, धीरगंभीर..." मालकांना माझा अहवाल पाठ होता. "लाईट नसली की आमचे माग बंद पडतात. गाडीला लाईट लागत न्हाई!"

खरंच, सकाळपासून त्या भागातली वीज गेलेली होती. आणि तुम्हाला काय सांगू, मालक हे बोलायला आणि वीज यायला एकच गाठ पडली.

घर्रर्रर्र...

तोच आवाज! एकसारखा, खोल, गंभीर! गाडी अंगाखाली थरथरायला लागली. मी भान विसरून ओरडलो, "मालक, चालू झाली! हीच ती! ऐका, काय लय आहे!"

 मी मागं वळून बघितलं. मालक माझ्याकडं बघत नव्हते. ते शेडच्या भिंतीकडं बघत होते. सगळेच भिंतीकडं बघत होते.

भिंतीपलीकडं पिठाची गिरणी होती.

हुसेनभाईंनी शांतपणे बॉनेट उघडलं. आत वाकून बघितलं आणि दोन बोटांनी चिंध्यांचा एक गोळा बाहेर काढला. त्यातनं एक उंदीर टुणकन उडी मारून वकिलांच्या धोतराजवळनं पळाला.

"साब," हुसेनभाई म्हणाले, "ये गाडी दो सालसे चलीच नै."

"अहो वकीलसाहेब!" मी किंचाळलो. "तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं?" वकील थंडपणे म्हणाले. "गाडी चालू आहे असं मी एका शब्दानं तरी म्हणालो का? गिरणी तर आपण आलात तेव्हापासूनच घरघरत होती. आपण डोळे मिटून इतके तल्लीन झाला होता, मला मधे बोलणं बरं वाटेना."

एवढ्यात गर्दीतनं पांढऱ्याफटक पिठानं माखलेला एक माणूस पुढं आला. त्यानं मालकांना हात जोडले.

"मालक, गिरणी मलाबी इकायचीच हाय. सायबांनी पास केलीय म्हनं. पंधरात देतो की!"

जो हशा पिकला! जमलेली माणसं हसली, वकील हसले, मालकांनी घातलेला हार गळ्यात घेऊन ती अँबॅसडरसुद्धा हसत असावी. नाही हसले ते फक्त हुसेनभाई. त्यांनी माझ्या हाताला धरून मला बाहेर काढलं आणि हळूच म्हणाले, "चलो साब. वो नीली फियाट अभीतक बिकी नै. मैं कलच पूछके आया."

मालकांनी पाकीट खिशात परत सरकवलं. टांगा बोलावला. मला शेजारी बसवलं. कारखाना येईपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत, मराठीत नाही आणि तेलुगूतही नाही. मला वाटलं, झालं, आज नोकरी गेली.

गेटाजवळ टांगा थांबल्यावर त्यांनी विचारलं, "बिराजदार, एक खरं सांगा. तुम्हाला गाडी चालवता तरी येती का?"

मी मान खाली घातली. "नाही मालक."

 मालक टांग्यातनं उतरता उतरता म्हणाले,

"मग गाडी तुम्ही बरोबर पसंत केलती. तुम्हाला चालवता येईल अशी अख्ख्या सोलापुरात ती एकच होती!"