पुरानी बस्तीतली कराचीवाली

जयपुरात पुरानी बस्तीतल्या त्या गल्लीत इंदुबाईला सगळे 'कराचीवाली भाभी' म्हणत. तिला त्याचा राग येत नसे. हाच शब्द मुंबईत दिराच्या घरी मात्र टोमण्यासारखा कानावर पडायचा. फाळणीनंतर ती नवऱ्याबरोबर बोटीनं मुंबईला उतरली. जन्मानं मराठी, पण बोलता बोलता सिंधी शब्द यायचे, आणि सासरचं रत्नागिरी तिनं कधी पाहिलंही नव्हतं. "तुमच्याकडे काय, सगळंच चालत असेल," असं म्हणत जाऊ तिचं पान जरा बाजूलाच मांडायची.

एकावन्न साली नवऱ्याला, आनंदरावांना, जयपूरच्या एका विमा कंपनीत कारकुनी मिळाली. दोघं आली ती भर मे महिन्यात. सामान उतरवताना गरम वाऱ्यानं इंदुबाईला घेरी आली आणि ती उंबऱ्यावरच बसली. समोरच्या हलवायाची बायको धापूबाई पाण्याचा माठ घेऊन धावत आली.

"कहाँ से आई हो, भाभीजी?"

"कराची से," इंदुबाई भीत भीत म्हणाली.

"हाय राम, इतनी दूर से! पहले पानी पियो."

पुढचं काही तिनं विचारलं नाही. इंदुबाई त्या दिवशी पाणी प्यायली आणि पहिल्यांदाच मनसोक्त रडली.

मागं कराचीत तिचे वडील होते. आप्पासाहेब तिथल्या मराठी शाळेत मास्तर. शाळा बंद पडली, आळी रिकामी झाली, तरी हलले नाहीत. सत्तावन्नच्या थंडीत व्हिसा काढून ते लेकीकडे आले. धापूबाईनं त्यांना रोज आटवलेलं दूध पाजलं, गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी उन्हात आपल्या खाटेवर बसवून घेतलं.

"आप्पा, राहा ना इथंच," इंदुबाई म्हणाली. "तिथं आता कोण आहे आपलं?"

"तुझ्या आईच्या अस्थी तिथल्याच समुद्रात सोडल्यात मी," आप्पा म्हणाले. "तू चांगल्या माणसांत आहेस, हे डोळ्यांनी पाहिलं. आता मला घोर नाही."

स्टेशनावर तिनं त्यांची बाही धरली आणि गाडी हलली तशी सोडली. पुन्हा भेट झाली नाही.

पासष्टच्या सप्टेंबरात लढाई पेटली. टपाल थांबलं. खिडक्यांना काळे कागद लागले. एका दुपारी गल्लीत आरोळी उठली, "कराची जल गई!" खरं-खोटं कुणालाच ठाऊक नव्हतं. पोरं नाचायला लागली, कुणीतरी हलवायाकडून लाडवांचं ताट उचललं आणि दारोदार वाटत सुटलं. इंदुबाईच्या दारात लाडू पुढं आला, तेव्हा तिचा हात वर उठेचना.

"क्यों भाभी, खुशी नहीं हुई?" ताट धरणारा माणूस हसत म्हणाला. मागून कुणीतरी पुटपुटलं, "बाप बैठा है न वहाँ. किधर की हैं, क्या मालूम."

पुन्हा बोचकं बांधायचं? आता कुठल्या गावाला जायचं?

धापूबाई रस्ता ओलांडून आली आणि तिनं ते ताट हिसकावून घेतलं.

"मेरी दुकान का लड्डू है. इस दरवाज़े पर नहीं बँटेगा. इनके बाबूजी ने मेरे हाथ का दूध पिया है."

पोरं पांगली. त्या रात्री इंदुबाईसारखीच हलवायाच्या घरातही चूल पेटली नाही.

लढाई थांबली, टपाल हळूहळू सुरू झालं. फेब्रुवारीत आप्पांच्या खाली राहणाऱ्या मेमण मुसलमान शेजाऱ्याचं कार्ड आलं. मास्तरसाहेब हिवाळ्याच्या तोंडाला तापानं गेले. उरल्यासुरल्या चार हिंदूंनी मिळून अग्नी दिला. तारीख लिहिलेली नव्हती.

इंदुबाईनं डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओल्या केसांनी ओट्यावर बसून राहिली. गल्लीतल्या बायका एकेक करून येऊन शेजारी टेकल्या. ज्यानं लाडवांचं ताट धरलं होतं, त्याची आई आली आणि तिचे पाय दाबत राहिली. मराठी कुणालाच येत नव्हतं. इंदुबाई मराठीतच आप्पांना हाका मारत होती, आणि त्या "हाँ, भाभी, हाँ" म्हणत होत्या.

अडुसष्टमध्ये आनंदराव निवृत्त झाले. धाकट्या दिरानं पुण्यात खोली पाहून ठेवली होती. "आपल्या माणसांत जाऊ," आनंदराव म्हणाले.

"मुंबईत मला हसायचीसुद्धा चोरी होती," इंदुबाई म्हणाली. "या लोकांनी माझ्या आप्पांसाठी मला रडू दिलं. मला नाही यायचं."

ती दोघं गेली नाहीत. तिथी माहीत नसल्यानं दर सर्वपित्रीला आनंदराव सासऱ्यांना पाणी देत. आप्पांना शेवटी तहान लागली असेल का, कुणी पाणी पाजलं असेल का, हे इंदुबाईला कधीच कळलं नाही. कार्ड धाडणाऱ्या शेजाऱ्याला तिनं लिहून विचारलं, पण उत्तर आलं नाही, आणि विचारावं असं तिकडं दुसरं कुणी राहिलंही नव्हतं.