कटल्याच्या तोंडातला लाल दोरा

घटनाक्रम प्रथम नोंदवतो, कारण या प्रकरणी संबंधितांची स्मरणशक्ती सोयीस्करपणे अधू झालेली आहे.

नवरात्राची पाचवी माळ: गळाची जोडणी मी स्वहस्ते बांधून मास्तरांच्या हवाली केली. जबाबदार: मी, विश्वास ठेवल्याबद्दल. सहावी माळ: प्रवरेच्या डोहात कटला लागला. जबाबदार: मास्तर, ज्यांच्या हाती काठी होती, आणि साहेब, ज्यांच्या हाती पक्कड होती. कोजागिरीच्या आधीचा रविवार: बाजारतळावर जाहीर सत्कार. जबाबदार: सत्कार समिती, एकत्रितपणे आणि प्रत्येकी, शिवाय आभारप्रदर्शक म्हणून पुन्हा मास्तर. वर्ष म्हणाल तर कोल्हारात पहिला एसटीडी बूथ निघाला, त्याच्या पुढचे.

मी तालुक्याच्या न्यायालयात लिपिक म्हणून हयात घालवली. मास्तर गणित शिकवून निवृत्त झाले. पेन्शन सुरू झाल्यापासून आम्ही दोघे रोज सकाळी पुलाच्या खालच्या अंगाला, घाटाच्या शेवटच्या पायरीवर गळ टाकून बसत असू. बोलणे बेताचे. ते मला भाऊसाहेब म्हणत, मी त्यांना मास्तर. घरच्या माणसांशी झाले नसेल इतके मौन आम्ही एकमेकांशी पाळले आहे, आणि ते मौन मला मौल्यवान होते. या संपूर्ण तक्रारीचा विषय मासा आहे असे कोणी समजू नये. विषय ती पायरी आहे.

आता जोडणीविषयी. तीन जातींचे मासे एकाच डोहात राहतात, पण जेवायला एका जागी बसत नाहीत. मृगळ तळाशी पंगत धरतो. रोहू मधल्या मजल्यावर फिरतो. कटल्याचे तोंड वरच्या बाजूला वळलेले. तो त्या सुमारास लग्नकार्यांत नव्याने शिरलेल्या बुफेप्रमाणे उभ्या उभ्या, वरच्या पाण्यात जेवतो. शिवाय तो चावत नाही, ओढून घेतो. म्हणून पेंडीचा घट्ट गोळा पाण्यात टांगायचा, त्याच्याभोवती चार-पाच लहान गळ आखूड दोऱ्यांवर मोकळे सोडायचे, आणि मोरपिसाच्या दांडीचा तरंगा वर ठेवायचा. कटला गोळा चोखू लागला की एखादा गळ आपोआप त्याच्या ओठात जातो. सगळी मेख त्या आखूड दोऱ्यात आहे. तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, ताठ राहते. माशाला ती ओठाला टोचते आणि तो सावध होतो. दोरा मऊ हवा, पण तुटता कामा नये.

पुष्कळ दोरे तपासून मी निर्णयाप्रत आलो की पोत गाठवणाऱ्याकडचा लाल रेशमी दोरा सर्वोत्तम. तो आमच्या घरात होता. पत्नीने आपली पोत नव्याने ओवून घेण्यासाठी रीळ आणून ठेवले होते. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "न्या. माझ्या गळ्यात राहिला काय आणि माशाच्या तोंडात राहिला काय, बांधणारे तुम्हीच."

घाटावर एक जुनी वहिवाट आहे. जो जोडणी बांधील त्याला माशाचे डोके, जो काठी धरील त्याला धड. आणि तोंडातला गळ काढायचा तो बांधणाऱ्यानेच; तो येईपर्यंत मासा पाण्यात दाव्याला ठेवायचा. ही वहिवाट कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही, परंतु निर्वेध, उघड आणि दीर्घकाळ चालत आलेली असल्याने ती कायद्याइतकीच बंधनकारक आहे. मास्तरांनी स्वतः या नियमान्वये माझ्याकडून रोहूची डोकी स्वीकारलेली आहेत. हरकत न नोंदवता.

या सुव्यवस्थित राज्यात त्या पावसाळ्यानंतर साहेब आले. साहेब मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त होऊन गावी परतले होते. इथल्या शिक्षणसंस्थेत त्यांच्या शब्दाला वजन होते, आणि ते वजन ते सोबत घेऊन फिरत. त्यांच्या चिरंजीवांनी विलायतेहून मासेमारीचा एक पेटाराच पाठवला होता: फायबरची काठी, बंदुकीच्या गोळ्यांसारखी शिसे, वासाच्या गोळ्या, आणि मासा लागला की वाजणारे एक यंत्र. साहेब घडीच्या खुर्चीवर बसून आम्हाला समजावीत, "तिकडे कार्प पकडणं हे शास्त्र आहे. आमिष गळाला लावायचंच नाही. केसाएवढ्या धाग्यावर गळाशेजारी ठेवायचं. तळाशी."

"तळाशी कटला येत नाही, साहेब," मी निदर्शनास आणले.

"शास्त्र आहे, भाऊसाहेब. मासा कुठलाही असो."

त्या शास्त्राने नवरात्र लागेपर्यंत खेकडे पकडले. ते यंत्र पुलावरून एसटी गेली की वाजे, म्हशी पाण्यात उतरल्या की वाजे, आणि एकदा काकडआरतीच्या झांजांना साथ म्हणूनही वाजले. साहेब प्रत्येक वेळी खुर्चीतून उठत. विलायतेतला मासा जमिनीवर पाट मांडून जेवतो, म्हणून आमच्या डोहातल्या कटल्यानेही मांडी घालावी, अशी त्यांची अपेक्षा होती. अधिकाऱ्याने वस्तुस्थितीला आदेश द्यावा आणि वस्तुस्थितीने हजर व्हावे, याची त्यांना आयुष्यभर सवय होती.

पाचव्या माळेला मला नगरला जाणे भाग पडले. ग्राहक मंचात माझी तक्रार होती: एका दुकानदाराने पोलादी म्हणून विकलेले गळ रोहूच्या पहिल्या झटक्याला सरळ होऊन परत आले होते. दुसऱ्या दिवशी तारीख होती. आम्ही आठवडाभर डोहात एकाच ठिकाणी चारा टाकून जागा लावली होती. एक सकाळ चुकली तर मासे जागा सोडतात. म्हणून नवी जोडणी मास्तरांच्या हातात ठेवून मी म्हणालो, "जागा मोडू नका."

"निर्धास्त जा," मास्तर म्हणाले. "तुमचा दोरा आहे, मी फक्त धरून बसतो."

हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे.

सहाव्या माळेला, मी गळांच्या न्यायासाठी मंचाच्या बाकावर बसलेलो असताना, माझ्या गळाला डोहातला सर्वांत मोठा कटला लागला. मंचात पुढची तारीख पडली. मी संध्याकाळी एसटीतून उतरलो, तेव्हा गावात पेढे वाटले जात होते.

हकीकत अशी कळली. मास्तरांच्या बांबूचे टोक आदल्या दिवशी चिरले होते, म्हणून साहेबांनी उदार होऊन आपली फायबरची काठी त्यांना दिली. म्हणजे काठी साहेबांची, हात मास्तरांचा, जोडणी माझी. कटला काठावर येताच साहेबांनी पक्कड घातली, गळ उपटला, दोरा कापून जोडणी पाण्यात फेकली आणि जाहीर केले की हा विलायती शास्त्राचा विजय आहे. मास्तर शेजारी उभे होते. त्यांनी बांधणाऱ्याची वाट पाहायला सांगितले नाही.

ज्याच्या टेम्पोतून मासा वखारीच्या काट्यावर नेला, त्याला मी गाठले.

"तोंडात काय पाहिलंस?"

"लाल दोऱ्याचा तुकडा हुता, भाऊसाहेब. ववाळणीच्या धाग्यावानी. तुमचाच. दुसरं कोन वापरतंय?"

"मग हे चार लोकांत सांग."

त्याने स्टिअरिंगवरचे फडके घडी करून पुन्हा उलगडले. "साक्षीचं काय काडू नगा. साहेबांच्या बंगल्याची वाळू म्याच टाकतोय. तुमी लई तर तंबाकू द्याल."

डोके साहेबांच्या घरी गेले. साहेब शाकाहारी निघाले. डोके मोलकरणीला मिळाले, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

बाजारतळावरच्या सत्काराला मी शेवटच्या रांगेत हजर होतो. व्यासपीठावर फायबरच्या काठीला हार घातला होता. साहेबांना शिर्डीहून आणलेली शाल मिळाली, आणि त्यांनी ग्रामीण भागात शास्त्रीय दृष्टिकोनाचा अभाव या विषयावर भाषण केले. मग मास्तर आभाराला उठले. गणिताचा माणूस, हिशेबात कोणी सुटू नये. त्यांनी मंडपवाल्याचे आभार मानले, ध्वनिक्षेपकवाल्याचे मानले, पावसाने उघडीप दिल्याबद्दल वरुणराजाचेही मानले. माझ्याकडे त्यांनी एकदा पाहिले, आणि "ज्ञात-अज्ञात सर्वांचे" असे म्हणून बसले. मी अज्ञातात गेलो.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या ओट्यावर उभा राहिलो.

"दोरा कोणाचा होता, मास्तर?"

"बसा तर आधी. चहा टाकायला सांगतो."

"उत्तर उभ्यानंही देता येतं."

"एवढ्याशा दोऱ्यासाठी तुम्ही कलमं काढता, भाऊसाहेब." ते खाली पाहत म्हणाले. आतून त्यांच्या मुलीच्या पावलांचा आवाज आला आणि त्यांनी दार ओढून घेतले.

मुलगी त्याच शिक्षणसंस्थेत हंगामी शिक्षिका होती. कायम होण्याचा ठराव दिवाळीनंतर येणार होता, आणि साहेबांचा शब्द जिथे पडायचा तिथे पडणार होता. हे मला ठाऊक होते. साऱ्या गावाला ठाऊक होते. मास्तरांनी त्या सकाळी एवढेच म्हणायला हवे होते, "भाऊसाहेब, तुमचा मासा मला उसना द्या." मी डोके, धड आणि रिळातला उरलेला दोराही देऊन टाकला असता, आणि साहेबांना हार घालायला पहिला उभा राहिलो असतो. पण माझ्याकडून मागून घेण्याइतका मी त्यांना जवळचा वाटलो नाही. मी चहा न घेता परतलो. पत्नी म्हणाली, "पोरगी कायम झाली की येतील बघा."

मुलगी कायम झाली. मास्तर आले नाहीत. साहेब पुढच्या उन्हाळ्यात यंत्र आणि खुर्ची घेऊन पुण्याला राहायला गेले. मास्तर आता बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला एकटे बसतात. तिथे कटला नाही, हे त्यांना माझ्याइतकेच माहीत आहे. मी त्यांना लेखी विचारणा केली, स्मरणपत्र पाठवले, पोचपावती आली, उत्तर आले नाही. ग्राहक मंचाने मात्र मला सरळ झालेल्या गळांऐवजी नवे गळ देवविले. ते लाल दोऱ्यावर बांधून मी जपून ठेवले आहेत.

सबब, माझी मागणी अशी. मास्तरांनी सत्कार जाहीरपणे होऊ दिला, तेव्हा खुलासाही जाहीरपणेच करावा. बाजारतळ नको, व्यासपीठ नको. घाटाच्या शेवटच्या पायरीवर, बाया धुणे धूत असताना आणि माणसे पाण्यात असताना, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सांगावे की त्या कटल्याच्या तोंडात दोरा कोणाचा होता, आणि तो मागून घेण्याची त्यांना लाज का वाटली. मी रोज सकाळी तिथे असतो. माझ्या उजव्या हाताच्या जागेवर मी अद्याप कोणाला बसू दिलेले नाही. उत्तर द्यावे.